दार कुठं उघडतं? झाडाला पानं किती?

कॉलेजात असताना आम्ही एक ॲब्सर्ड, म्हणजे नेहमीचा कार्यकारणभाव न मानणारी, एकांकिका बसवली होती. ॲब्सर्ड म्हटल्यावर नेपथ्याला मोकळं रान मिळालं, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं. सायकच्या, म्हणजे रंगमंचाच्या मागच्या मोठ्या पडद्याच्या, पुढं नायलॉनच्या दोऱ्यानं चार फुटकी घड्याळं टांगली, सायकलचं एक चाक, एक उलटी छत्री आणि मधोमध, कोणाच्या तरी घराच्या दुरुस्तीतून मिळालेलं पांढरं कमोड. निकालानंतर परीक्षकांना भेटायला गेलो तर त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘तिसरं घड्याळ काढलं असतं तर काय बिघडलं असतं?’’ आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो.

पुढच्या वर्षी त्याचा वचपा काढायचा म्हणून वास्तववादी एकांकिका घेतली. दोन खोल्यांचं घर, प्लायवूडचा ओटा, खरी गॅसची शेगडी, खरं पातेलं. पहिल्याच प्रयोगात नायिका चहा टाकायला ओट्याशी गेली आणि दुसऱ्या रांगेतल्या एक काकू शेजारणीला म्हणाल्या, ‘‘अगं, हिचा सिलिंडर कुठाय?’’ शेगडीला नळीच नव्हती. पुढची दहा मिनिटं त्या बाजूचे सगळे प्रेक्षक शेगडीकडं बघत होते. नायिका तिकडं नवऱ्याशी घटस्फोटाचं बोलत होती.

दोन्ही वेळी चूक एकच झाली. ती जागा पात्रांना काय करायला लावते, हे आम्ही विचारलं नव्हतं. एकदा जागा सजवली, एकदा जागेची नक्कल केली. आता पहिल्यांदाच नाटक बसवणारी किंवा नेपथ्याची जबाबदारी अंगावर पडलेली मुलं भेटली की मी त्यांना दोन प्रश्न देतो. वास्तववादी नाटकातल्या प्रत्येक वस्तूला विचारायचं, ‘तू इथं का आहेस?’ ॲब्सर्ड नाटकातल्या जागेला विचारायचं, ‘तुझा नियम काय?’ पुढं जे लिहिलंय ते या दोन प्रश्नांची उत्तरं शोधायची कशी, याबद्दल आहे.

सुरुवातीला थोडी पार्श्वभूमी

संस्कृत नाटकात ‘नेपथ्य’ म्हणजे पडद्यामागची जागा, नट वेष चढवतात ती. आज आपण तो शब्द सेटसाठी वापरतो. इथं मी ‘स्थळ’ म्हणेन तेव्हा मला सेटपेक्षा जास्त काही म्हणायचंय: जागा, वेळ, ऋतू, उजेड, बाहेरून येणारे आवाज, आणि दाराच्या पलीकडं असलेलं पण कधीच न दिसणारं जग.

वास्तववादी नाटक युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जोर धरू लागलं. माणूस त्याच्या भोवतालानं घडतो, असं मानलं की तो भोवताल रंगमंचावर दिसायलाच हवा. स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्गनं 1888 साली ‘मिस ज्यूली’ला लिहिलेली प्रस्तावना नवख्यांनी जरूर वाचावी. त्यात तो कापडी दारांवर वैतागलाय. बिघडलेल्या जेवणावरून चिडलेला बाप दार आपटून गेला की घर हादरायला हवं. कापडी दार नुसतं हलतं. भिंतीवर रंगवलेली भांडीही त्याला नको होती. त्याच वर्षी पॅरिसमध्ये दिग्दर्शक आंद्रे आंत्वाननं खाटकांवरच्या एका नाटकात खरं मांस टांगलं होतं. प्रेक्षक त्या मांसाबद्दलच बोलत राहिले असणार, असं आपलं माझं मत. आपल्याकडंही रंगमंचावर खरी भजी तळली की तिसऱ्या रांगेपर्यंत वास जातो आणि संवाद हवेत विरतात.

मराठीत हा बदल म्हटला की 1933 सालचं नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेचं ‘आंधळ्यांची शाळा’ आठवतं. त्याआधी आपल्याकडं रंगवलेले पडदे होते: राजवाडा, बाग, रस्ता, अरण्य. बागेचा पडदा कुठल्याही नाटकातल्या कुठल्याही बागेला चालायचा. वास्तववादी नाटकाची खोली मात्र त्या एका नाटकाशिवाय कुठंच चालत नाही, किंवा चालू नये.

ॲब्सर्ड नाटक दुसऱ्या महायुद्धानंतरचं, मुख्यतः पॅरिसमधलं. त्याला काही जण असंगत नाट्य म्हणतात. तालमीच्या हॉलवर सगळे ॲब्सर्डच म्हणतात. बेकेट, आयनेस्को वगैरे नाटककारांनी मिळून काही चळवळ काढली नव्हती. समीक्षक मार्टिन एस्लिननं 1961 च्या आपल्या पुस्तकात त्यांना एका नावाखाली आणलं आणि ते नाव चिकटलं.

पहिलं काम: रंगसूचना पेन्सिल घेऊन वाचा

नवखे लोक कंसातला मजकूर सोडून थेट पहिल्या संवादावर उडी मारतात. तसं करू नका. वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात रंगसूचनेत आलेली प्रत्येक वस्तू. दुसऱ्यात तिला कोण हात लावतं. तिसऱ्यात, ती काढली तर काय अडेल.

सरावाला इब्सेनचं 1879 चं ‘अ डॉल्स हाउस’ घ्या. तिन्ही अंक एकाच खोलीत. दारं, पियानो, गोल टेबल, आरामखुर्च्या, चिनी मातीच्या फरशांची शेगडी, पुस्तकांचं छोटं कपाट. बाहेर थंडी, आत ऊब. पहिल्या वाचनात ही फर्निचरच्या दुकानाची यादी वाटते. रकाने भरायला लागलात की एकेक वस्तू बोलायला लागते.

टपालपेटीचंच बघा. ती खोलीत नाही, बाहेरच्या दालनात आहे. तिची किल्ली नायिका नोराच्या नवऱ्याकडं, हेल्मरकडं. नोरानं गुपचूप काढलेल्या कर्जाचं बिंग फोडणारं पत्र त्या पेटीत पडतं. पेटीच्या काचेतून ते दिसतं, पण काढता येत नाही. पुढं हेल्मरला कुलपात मोडलेली केसांची पिन सापडते. नोरा नाच बसवायच्या निमित्तानं नवऱ्याला खोलीत अडकवून ठेवते, तो पेटीकडं जाऊ नये म्हणून. त्या घरात बाईची जागा कोणती, यावर इब्सेननं कुणाच्याही तोंडी भाषण दिलं असतं तरी ते या एका किल्लीइतकं लागलं नसतं.

तिसऱ्या अंकाची रंगसूचना पुन्हा नीट वाचा. टेबल आता मधे आणलंय, भोवती खुर्च्या. वरच्या मजल्यावरून नाचाचं संगीत येतंय. टेबल का हलवलं? शेवटी नोरा नवऱ्याला समोर बसायला सांगते आणि आठ वर्षांच्या संसारात पहिल्यांदा दोघं गंभीरपणे बोलायला बसतात. बसायला टेबल लागतं! नाटककारानं अंक सुरू होतानाच ते मांडून ठेवलंय. तुमच्या तालमीत टेबल कोपऱ्यातच राहिलं तर तो प्रवेश सोफ्यावर घ्यावा लागेल, आणि सोफ्यावर नवरा-बायको शेजारी-शेजारी बसतात. समोरासमोर बसण्याची गोष्टच संपली.

दुसरं: प्रत्येक दाराला पत्ता द्या

माझ्या मते नवख्यांनी सर्वांत जास्त वेळ दारांवर घालवावा. कागदावर चौकोन काढा, दारं दाखवा आणि प्रत्येक दाराच्या बाहेर पेन्सिलनं लिहा, तिकडं काय आहे. स्वयंपाकघर असेल तर तिकडून येणाऱ्याचे हात ओले असतील. जिना असेल तर येणाऱ्याला धाप लागलेली असेल. आमच्या एका तालमीत सासूबाई डाव्या विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशात, ‘देवाला’ गेल्या आणि दोन मिनिटांनी त्याच विंगेतून भाऊ ‘बाथरूममधून’ टॉवेल खांद्यावर टाकून आला. दिग्दर्शकासकट कुणाच्या लक्षात आलं नाही. चहा घेऊन आलेल्या पोऱ्यानं विचारलं, ‘‘देऊळ घरातच आहे का?’’

दारानं नाटक कसं उभं राहतं याचं मराठीतलं उत्तम उदाहरण तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, 1967 चं. एका गावातला साधा सार्वजनिक हॉल. सुरुवातीलाच, तिथं प्रयोग करायला आलेल्या मंडळींपैकी बेणारेबाईंचं बोट दाराच्या कडीत चेमटतं. स्थानिक माणूस, सामंत, कडीची खोड सांगतो: ती पूर्ण सरकवली नाही तर दार बाहेरून बंद होऊन बसतं. आपण हसतो आणि विसरून जातो. पुढं खोट्या खटल्याचा खेळ बेणारेबाईंवर उलटतो. त्या बाहेर पडायला दाराकडं जातात आणि दार उघडत नाही. कडी लागलेली. तेंडुलकरांनी तिला कोंडायला कुणा खलनायकाला कुलूप घालायला पाठवलं नाही. कुठल्याही तालुक्याच्या हॉलला असते तशी बिघडलेली कडी वापरली. वास्तववादी स्थळाचं काम असंच चालतं. पहिल्या पाच मिनिटांत किरकोळ दिसलेली गोष्ट तासाभरानं गळ्याशी येते, आणि तरी ती रचलेली वाटत नाही.

हे नाटक कराल तेव्हा ती कडी खरी हवी. रंगवलेली नको, माईमही नको. लोखंडी, आवाज करणारी, हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती. बाकीच्या भिंती काळ्या विंगांवर भागवल्यात तरी बिघडत नाही.

तिसरं: वस्तू कुणाची, कधीची, आता कशी

वस्तू आणण्याआधी तिचं वय ठरवा. ‘जुनी खुर्ची’ असं प्रॉपर्टीवाल्याला, म्हणजे नाटकाच्या वस्तू पुरवणाऱ्याला, सांगितलंत तर तो लग्नाच्या हॉलवरची सिंहासनवजा खुर्ची आणेल. ‘आजोबांच्या निवृत्तीला ऑफिसनं दिलेली, एक हात सैल झालेला, आता फक्त कपडे टाकायला वापरतात’ असं सांगा. मग आणताना तोही विचार करतो.

न दिसणाऱ्या माणसाला वस्तू कशी उभी करते ते बघायला पुन्हा ‘मिस ज्यूली’कडं या. घराचा मालक, काउंट, रंगमंचावर एकदाही येत नाही. स्वयंपाकघरात त्याचे बूट आहेत, वरून हाक मारायची घंटा आहे. मध्यरात्री मोठ्या गमजा करणारा नोकर ज्याँ घंटा वाजताच पुन्हा नोकर होतो. दोन बूट आणि एक घंटा, एवढ्यात अख्खी जातवर्गाची उतरंड.

आपल्याकडं महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ बघा. 1985 साली विजया मेहतांच्या दिग्दर्शनात ते रंगमंचावर आलं. विदर्भातल्या धरणगावकर देशपांड्यांचा वाडा. वाड्यासमोर ट्रॅक्टर गंजत पडलाय. जमीनदारी गेली, नव्या काळाशी जुळवून घ्यायचा प्रयत्न केला, तोही बसला, हे सगळं त्या लोखंडात आहे. वाड्याच्या भिंती किती पडक्या दाखवायच्या यावर नेपथ्यकार तास-तास बोलतात. मला विचाराल तर पडझडीपेक्षा एकेकाळचा तोरा दिसणं जास्त महत्त्वाचं. मुळात भव्य नव्हतंच असं वाटलं तर पडल्याचं दुःख प्रेक्षकाला का व्हावं? वहिनी वाडवडिलांचे दागिने अंगावर घालते तो प्रवेश आठवा. त्या सोन्याला साजेसा एक तरी खांब शाबूत हवा.

चौथं: स्थळाला घड्याळ आणि कॅलेंडर लावा

हे थोडक्यात सांगतो. चेकॉव्हचं ‘द चेरी ऑर्चर्ड’ मॉस्को आर्ट थिएटरनं 1904 साली केलं. पहिला अंक अजूनही ‘मुलांची खोली’ म्हणवल्या जाणाऱ्या खोलीत. मे महिना, पहाट, बाहेर चेरी फुललेली पण गारठा. शेवटचा अंक त्याच खोलीत, ऑक्टोबरात. पडदे नाहीत, भिंतीवर चित्रं नाहीत, उरलंसुरलं सामान विकायला काढल्यासारखं कोपऱ्यात रचलेलं. नेपथ्यकारानं फक्त वस्तू काढून घ्यायच्या. तुमच्या एकांकिकेत काळ पुढं सरकला हे दाखवायला भिंतीवर ‘सहा महिन्यांनंतर’चा प्रोजेक्टर टाकण्याआधी विचारा, या खोलीतून काय काढता येईल?

पाचवं: ॲब्सर्डकडं वळताना वही तीच ठेवा

इथं बहुतेकांचा पाय घसरतो, आमचाही घसरला. कारण नाही म्हणजे शिस्तही नाही, असं वाटतं. वास्तववादी नाटकात शेगडीची नळी विसरलात तर काकू बोलतील आणि पुढं नाटक सावरेलही. ॲब्सर्डमध्ये एक वस्तू जास्त झाली तर सगळा नियमच बुडतो.

बेकेटचं ‘वेटिंग फॉर गोदो’ 5 जानेवारी 1953 ला पॅरिसच्या तेआत्र द बाबिलोनमध्ये रॉजे ब्लँनं पहिल्यांदा केलं. स्थळ सांगायला बेकेटला गावाकडचा रस्ता, एक झाड आणि संध्याकाळ एवढंच पुरलं. गोदोची वाट बघणाऱ्या दोघांपैकी एस्त्रागॉन ज्यावर बसून बूट काढायची खटपट करतो तो एक लहानसा उंचवटाही आहे. बस. वहीचा पहिला रकाना अर्ध्या मिनिटात भरतो. दुसरा रकाना मात्र भरतच जातो. झाडाची खूण धरून दोघं आलेत, पण हेच ते झाड का, याची खात्री नाही. झाडाला लटकून मरायचा बेत होतो, फांदी पेलेल का यावर घोडं अडतं. दुसऱ्या अंकात एस्त्रागॉन झाडामागं लपू पाहतो आणि आपण लपलोच नाही हे त्याला कळतं. म्हणजे झाड किती जाड असावं याचं माप नाटकानंच दिलंय: माणूस लपेल इतकं जाड नको, फाशीचा विचार सुचेल इतकं उंच हवं.

आणि पानं. पहिल्या अंकात झाड निष्पर्ण. दुसरा अंक दुसऱ्याच दिवशी सुरू होतो आणि झाडाला चार-पाच पानं आहेत. एका रात्रीत! कारण कुणी देत नाही. वास्तववादी नाटकात पालवी म्हणजे वसंत, नवी आशा, वगैरे. इथं दोन दिवस झाले की दोन महिने, हेच कळेनासं होतं. 1961 च्या पॅरिसमधल्या प्रयोगासाठी हे झाड शिल्पकार जाकोमेत्तीनं केलं होतं, यावरून त्या काडीएवढ्या वस्तूला किती किंमत होती ते कळावं.

एका शिबिरात आम्ही या नाटकाचा तुकडा केला होता. बांबूला लोखंडी तार गुंडाळून झाड केलं. पहिल्या दिवशी मी हौसेनं क्रेपच्या कागदाची पंधरा पानं लावली. दिग्दर्शिका रोज येऊन दोन-तीन पानं काढायची. चारवर आली आणि थांबली. मी विचारलं, ‘‘ताई, तीन का नकोत?’’ ती म्हणाली, ‘‘तीन झाली की फोटो होतो. चार झाली की मोजावंसं वाटतं.’’ प्रयोगात काय झालं, तर दुसऱ्या अंकात मधेच एक पान गळलं. चिकटपट्टी सुटली होती, बाकी काही नाही. दोघं नट थांबले. एकानं खाली पाहिलं, मग वर पाहिलं, मग पुढचं वाक्य घेतलं. सभागृहात पिन पडली असती तरी ऐकू आली असती. शेगडीच्या नळीसारखीच ती चूक, पण इथं ती घटना झाली. कारण प्रेक्षकांनी तोवर झाडाचा नियम शिकून घेतला होता.

प्रयोगानंतर मी सगळी पानं तारेनं बांधली. अशा चुका दुसऱ्यांदा घडवायच्या नसतात.

नियम शोधायचा कसा

‘या जागेत नेहमी…’ असं लिहून वाक्य पुरं करायचा प्रयत्न करा. बेकेटच्या ‘एंडगेम’मध्ये, 1957 चं, एक उघडीबोडकी खोली, करडा उजेड, मागं उंचावर दोन लहान खिडक्या. एका खिडकीतून जमीन, दुसरीतून समुद्र. खिडकीशी पोचायला नोकर क्लॉव्हला शिडी लागते, आणि शिडी एकच. चाकाच्या खुर्चीतल्या मालकाला, हॅमला, उठता येत नाही आणि त्याला खुर्ची बरोबर मध्यभागी हवी असते, वीतभरही इकडंतिकडं नको. त्याचे आईबाप दोन कचऱ्याच्या डब्यांत. आता वाक्य पुरं करा: या जागेत नेहमी प्रत्येकाला हलायला दुसरा लागतो. नेपथ्यकाराला यातून सरळ कामं मिळतात. खिडक्या इतक्या उंच की शिडीशिवाय हात पोचू नये. डबे इतके लहान की माणूस त्यात राहतोय हे अंगावर यावं. खुर्चीची चाकं खरोखर फिरणारी. चाकांनी कुरकुर केली तर तेल घालू नका.

आयनेस्कोच्या ‘द चेअर्स’मध्ये, 1952, नियम वाढीचा आहे. म्हातारा-म्हातारी, भोवती पाणी, गोलसर भिंतीला पुष्कळ दारं. न दिसणारे पाहुणे येतात आणि प्रत्येकासाठी खरी खुर्ची आणली जाते. शेवटी त्या दोघांना एकमेकांपर्यंत पोचायला वाट उरत नाही. इथं दाराचा प्रश्न वास्तववादी नाटकाच्या उलट आहे. दारापलीकडं काय आहे याला महत्त्व नाही. किती झपाट्यानं उघडतात याला आहे. तालमीत पहिल्या दिवसापासून खऱ्या खुर्च्या घ्या आणि त्या हलक्या घ्या. म्हातारीचं काम करणारी मुलगी दमते ते बघणं हाच अर्धा प्रयोग असतो.

त्याच आयनेस्कोचं पहिलं नाटक, ‘द बाल्ड सोप्रानो’, 1950 चं. सुखवस्तू इंग्रजी दिवाणखाना, इंग्रजी खुर्च्या, इंग्रजी संध्याकाळ. घड्याळ सतरा टोले देतं आणि बाई म्हणतात, नऊ वाजले. या दिवाणखान्यात एकही वस्तू विचित्र ठेवू नका. खोली अगदी पाठ्यपुस्तकातल्या चित्रासारखी हवी, कारण हे नाटक आयनेस्कोला इंग्रजी शिकवणाऱ्या पुस्तकातूनच सुचलं होतं. खोली जितकी सरळ, तितके सतरा टोले वाकडे. आमच्या फुटक्या घड्याळांना हेच कळलं नव्हतं. फुटलेलं घड्याळ सतरा टोले देईल यात नवल काय?

मधल्या जागा

खरं काम मधे आहे. इंग्लिश नाटककार पिंटरनं 1957 साली लिहिलेलं ‘द डम वेटर’ घ्या. तळघरातली खोली, दोन पलंग, भिंतीत वरून-खाली सामान पोचवणारा छोटा लिफ्ट. दोन भाडोत्री मारेकरी हुकमाची वाट बघतायत. संडासची साखळी ओढली तर पाणी तेव्हा येत नाही, नंतर कधीतरी येतं. गॅसच्या मीटरला नाणं लागतं. सगळं वास्तववादी, गळक्या भाड्याच्या खोलीसारखं. मग त्या लिफ्टमधून वरून जेवणाच्या ऑर्डरी उतरायला लागतात. कारण आहेही: पूर्वी इथं उपाहारगृह असावं. तरीही हे दोघं घाबरून आपल्याजवळची बिस्किटं वर पाठवायला लागतात. अशा नाटकात दोन्ही प्रश्न चालवा. पलंगाला विचारा ‘का?’, लिफ्टला विचारा ‘नियम काय?’

सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’, 1974, हे मला पिंटरपेक्षाही जवळचं. चाळ. भाऊराव मेलेत, पण उठून स्वतःच्या मरणाचं कीर्तन करतात, आणि आपल्याला जुन्याच स्मशानात जाळावं असा हट्ट धरतात. ते स्मशान नगरपालिकेनं बंद करायला घेतलंय. इथं नेपथ्यकाराचा पहिला मोह चाळीचा गॅलरीसकट सेट लावायचा असतो. आवरा. कीर्तनाला मोकळी जागा लागते, आणि कीर्तनकारानं ‘चाळ’ म्हटलं की मराठी प्रेक्षकाला चाळ दिसते. आपल्या प्रेक्षकाला याची सवय नवी नाही. तमाशाच्या गणगौळणीत गवळणी बोर्डावर एक फेरी मारतात आणि मथुरेच्या वाटेला लागतात. कुणी रस्त्याचा पडदा मागत नाही. युरोपातल्या नाटककारांना खोली रिकामी करायला बंड करावं लागलं. आपल्याकडं ती मुळात रिकामीच होती, आपण मधल्या काळात फर्निचर भरलं.

एलकुंचवारांच्या वाड्याचंही पुढं असंच होतं. ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही तिन्ही नाटकं ओळीनं वाचा. भरलेल्या वाड्यापासून सुरुवात करून तिसऱ्या नाटकात दुष्काळानं उजाड झालेल्या भूमीवर येऊन थांबता. तिथं माणसं बसून बोलत राहतात. माणसं त्याच घराण्यातली, पण जागा बेकेटच्या रस्त्याच्या बरीच जवळ सरकलेली. ही त्रयी म्हणजे एकाच लेखकानं नवख्याला घालून दिलेला सराव आहे: तिन्हींसाठी मिळून एकच ग्राउंड प्लॅन, म्हणजे वरून दिसणारा रंगमंचाचा आराखडा, काढा आणि काय काय गळत जातं ते बघा.

तालमीच्या हॉलवर

संहिता हातात आल्यावर पहिल्या आठवड्यात सेट बांधायला घेऊ नका. ज्या रंगमंचावर प्रयोग आहे त्याची मापं आधी घ्या, रुंदी, खोली, विंगांमधली वाट. शाळेच्या हॉलवर बसवलेली हालचाल मोठ्या नाट्यगृहात पोरकी दिसते आणि उलटं केलं तर नट फ्लॅटवर, म्हणजे सेटच्या भिंतीवर, आपटतात. जमिनीवर रंगीत चिकटपट्टीनं भिंती, दारं आखा. भिंत ओलांडून जाणाऱ्याला दर वेळी थांबवा. पहिले दोन दिवस सगळे चिडतात, मग पाय आपोआप वळतात.

वास्तववादी नाटक असेल तर बदली वस्तू पहिल्या दिवसापासून हातात द्या. कप म्हणून कपच, मोबाइल नको. ॲब्सर्ड असेल तर उलट करा: आधी सगळं काढून टाका, नटांना रिकाम्या जागेत खेळू द्या, आणि जी वस्तू नसल्यामुळं त्यांची खरोखर अडचण होते तेवढीच परत आणा.

पैशांचं बोलायचं तर स्पर्धेत सेट लावायला मोजकी मिनिटं मिळतात आणि टेम्पोचं भाडं कुणीतरी खिशातून भरत असतं. म्हणून यादीतल्या कुठल्या तीन वस्तू खऱ्या हव्यात ते ठरवा, पैसे तिथं घाला. ‘शांतता’ला कडी. ‘डॉल्स हाउस’ला दार, आणि ते जड, शेवटी नोरा निघून जाते तेव्हा खालून दार बंद झाल्याचा आवाज येतो, तो विंगेत फळी आपटून काढलात तर सगळी मेहनत गेली. खऱ्या चौकटीत खरं दार बसवा आणि विंगेत उभ्या माणसाला सांगा, पूर्ण ताकदीनं. लॅपटॉपवरून आवाज सोडायचा विचार असेल तर एकदा दोन्ही लागोपाठ ऐकून बघा.

आणि तालमीच्या शेवटच्या आठवड्यात नाटकाशी संबंध नसलेल्या एखाद्या माणसाला बोलवा. आम्ही त्या चहावाल्या पोऱ्याला बोलवायचो. त्याला पहिल्या रांगेत बसवायचं आणि मधे थांबवून विचारायचं, हे कुठं चाललंय, आणि इथून बाहेर कसं पडायचं? वास्तववादी नाटकात त्यानं बोट दाखवून दार सांगितलं पाहिजे. गोदोच्या तुकड्याला त्यानं थोडा वेळ झाडाकडं पाहिलं आणि म्हणाला, ‘‘बाहेरच तर आहेत की ते.’’ दिग्दर्शिकेनं त्या दिवशी तालीम तिथंच संपवली आणि सगळ्यांना कटिंग सांगितला.